दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचा मणका संगणकावर: पहिलं मॉडेल उभं करताना

माझे मामा डिचोली-सांखळी पट्ट्यात खनिजाचा ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि स्टिअरिंग सुटलं, कंबरेचं दुखणं मात्र राहिलं. पुढे उजव्या पायातून कळा यायला लागल्या. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आल्याचं दिसलं. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच्या पायांनी घरात आले. पंधरवड्याने मला म्हणाले, "तू इंजिनिअर ना, मग सांग. आतली गादी काढली, तर वरचं वजन आता उचलतं कोण?"

त्या प्रश्नामुळेच मी या कामात पडले. आता फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी विचारायला येतात, क्वचित एखादा डॉक्टरही येतो. सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. तुम्हाला फायनाइट एलिमेंट पद्धतीची तोंडओळख आहे, म्हणजे तुम्ही एखादी तुळई मेश करून, छोट्या तुकड्यांत विभागून, संगणकावर वाकवून पाहिली आहे, एवढं मी धरून चालते. मणक्याचं काहीही ठाऊक नसलं तरी चालेल.

आधी प्रश्न वहीत लिहा

"ऑपरेशननंतर मणका कसा वागतो?" एवढ्या मोठ्या प्रश्नाला मॉडेल उत्तर देऊ शकत नाही. प्रश्न असा हवा: "उजव्या बाजूने दुर्बीण घालताना फॅसेट सांध्याचं (मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्याचं) ३ मिमी हाड तासलं आणि गादीतला थोडा गर काढला, तर कंबर डावीकडे वळताना आधीपेक्षा किती जास्त वळेल?" यात बाजू, हालचाल, कापाचं माप आणि कशाशी तुलना करायची, सगळं आलं. या प्रकारच्या मॉडेलची खरी ताकद तुलनेत असते. एकाच मणक्याची ऑपरेशनआधीची आणि नंतरची अशी दोन रूपं, बाकी सगळं तंतोतंत तेच. सुटा आकडा फसवू शकतो, फरक बराच जास्त भरवशाचा असतो. पुढची प्रत्येक पायरी या फरकाला जपण्यासाठीच आहे.

आणि सुरुवातीला एकच जोडी घ्या: एल४, एल५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) आणि मधली गादी. पहिल्याच झटक्यात एल१ पासून माकडहाडापर्यंत सगळं उभं करायला निघालेली मुलं सहसा मेशमध्येच अडकून पडतात, ऑपरेशनपर्यंत पोचतच नाहीत.

सर्जन नक्की काय कापतो ते बघा

ही पायरी गाळू नका. गादीचं ऑपरेशन म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. सरकलेल्या गादीवरच्या शस्त्रक्रियेचं वर्णन मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलं तेव्हा पाठ मोठी उघडावी लागे. १९७७ च्या सुमारास यासर्गिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शक आणला, १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी नळीतून दुर्बीण घालण्याची पद्धत मांडली. आज प्रामुख्याने तीन वाटा दिसतात आणि तिन्हींत वेगवेगळं काहीतरी कापलं जातं.

नळीच्या वाटेने मागून जाताना स्नायू बाजूला सारतात, वरच्या मणक्याच्या कमानीची खालची कड थोडी काढतात, पिवळा अस्थिबंध (कमानींना जोडणारा लवचीक पट्टा) उघडतात. कमानींच्या फटीतून दुर्बीण घातली तर हाड कमी जातं, अस्थिबंधाला मात्र भोक पडतंच. ही वाट एल५-एस१ ला, म्हणजे पाचव्या मणक्याखालच्या गादीला, जास्त सोयीची, कारण तिथे बाजूने जायला गेलं तर कंबरेचं हाड आडवं येतं. तिसरी वाट बाजूची: नस ज्या छिद्रातून बाहेर पडते, तिथल्या कॅम्बिन त्रिकोणातून साधारण ८ मिमीची नळी आत जाते. छिद्र अरुंद असेल तर खालच्या मणक्याच्या फॅसेटचं टोक तासतात. अस्थिबंध वाचतो, सांध्याचा तुकडा जातो.

सर्जनना भेटलात तर चारच गोष्टी विचारा: कोणती वाट, कोणती बाजू, हाड किती मिमी तासलं, आणि काढलेला गर किती, एक ग्रॅम की तीन. या चार उत्तरांवर तुमचं ऑपरेशननंतरचं मॉडेल उभं राहतं.

स्कॅन

हाडांसाठी सीटी, गादीसाठी एमआरआय. सीटीचे काप १ मिमी किंवा त्याहून पातळ हवेत. ३ मिमीचे काप असतील तर फॅसेटचा आकार पायऱ्यापायऱ्यांचा येतो आणि नंतर कितीही घासून तो नीट होत नाही.

स्कॅनच्या डायकॉम फाइलमध्ये रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक असतात. घरच्या माणसाचा स्कॅन असला तरी ते पुसूनच काम सुरू करा. हॉस्पिटलकडून माहिती घ्यायची असेल तर तिथल्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी वाचून ठेवा. नुसतं शिकायचं असेल तर मोकळे डेटासेट आहेत: मणक्यांच्या सीटीचा 'व्हर्स' आणि कंबरेच्या एमआरआयचा 'स्पायडर'. पहिलं मॉडेल त्यावर करा. मामांचा स्कॅन मी दुसऱ्या मॉडेलला घेतला आणि ते बरंच झालं.

हाडं वेगळी करणं: इथे संध्याकाळ जाते

'थ्रीडी स्लायसर' हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात सेगमेंट एडिटर उघडून थ्रेशोल्ड लावा. साधारण २०० ते २५० हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेच्या मापाच्या) वर हाड दिसायला लागतं. 'टोटलसेगमेंटेटर' हे एक्स्टेन्शन घातलं तर मणके आपोआपही सुटे होतात आणि कामाचे दोन तास वाचतात. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण खरी अडचण एका छोट्या जागेत आहे.

आडव्या कापांत खाली खाली सरकत जा आणि एल४-एल५ च्या पातळीवर थांबा. मागच्या बाजूला दोन्हीकडे, कंसासारखे वळलेले हाडाचे पांढरे पट्टे समोरासमोर दिसतील आणि त्यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ. तो फॅसेट सांधा. ती रेघ म्हणजे कूर्चा आणि सांध्याची फट. कूर्चा सीटीत दिसत नाही, म्हणून तिथे काळं दिसतं. वय झालेल्या माणसात ही रेघ मध्येच पुसट होते, थ्रेशोल्ड दोन्ही हाडं चिकटवून टाकतो आणि तुमच्या मॉडेलमध्ये एल४ आणि एल५ वेल्ड केल्यासारखे जुळतात. मग कंबर वळतच नाही. ब्रश १ मिमीचा करून, एकेका कापात, ती रेघ हाताने मोकळी करा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे निकाल याच रेघेवर टांगलेले आहेत. नंतर स्मूदिंग देताना हात राखून द्या. जास्त दिलंत तर हाड छान गुळगुळीत दिसेल, फॅसेटचा बाक मात्र निघून जाईल.

अजून एक: सीटीच्या आडव्या कापात रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे असते. मी एकदा बरोबर उलट बाजू कापली होती आणि चार दिवसांचे निकाल टाकून द्यावे लागले. तेव्हापासून हाडांच्या फाइलच्या नावातच 'उजवी' लिहिते.

गादी

गादीचा आकार स्कॅनमधून हुबेहूब काढण्यापेक्षा, एल४ चा तळ आणि एल५ चा माथा यांच्यामध्ये ती भरून काढणं सोपं पडतं. मधला गर म्हणजे न्यूक्लियस, भोवतीचं कडं म्हणजे ॲन्युलस. वरून पाहिलं तर न्यूक्लियस साधारण ४० टक्के जागा घेतं आणि किंचित मागे सरकलेलं असतं. वर-खाली कूर्चेच्या पातळ चकत्या, साधारण अर्धा ते एक मिमी.

ॲन्युलस समजून घ्यायला आपल्याकडचा चुडताचा झाप आठवा. पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना लावतात तो. पात्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे तो कुठल्याही एका बाजूला खेचून फाटत नाही. ॲन्युलसमध्ये असे १५ ते २५ थर असतात, प्रत्येक थरात कोलॅजनचे तंतू आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांत आणि लगतच्या थरात उलट दिशेला. हे तंतू फक्त ताण घेतात, दाब घेत नाहीत. मॉडेलमध्येही त्यांना ताणालाच उत्तर देणारे ठेवा. बाहेरचे थर आतल्यापेक्षा कडक असतात.

गादीला षट्फलकी एलिमेंट वापरा. साधे चौफलकी एलिमेंट इथे घालू नका. न्यूक्लियस जवळजवळ न दबणारं असतं, पॉइसन गुणोत्तर ०.४९९ पर्यंत घेतात, आणि अशा पदार्थात साधे चौफलकी एलिमेंट लॉक होऊन गादी दगडासारखी कडक दाखवतात. हाडाला मात्र ते चालतात.

गुणधर्मांसाठी सुरुवातीचे आकडे, जे बऱ्याच प्रसिद्ध मॉडेलांत वापरलेले आढळतील: बाहेरचं घट्ट हाड १२,००० मेगापास्कल, आतलं जाळीदार हाड १००, मागची कमान ३,५००, कूर्चेची चकती सुमारे २४. गादीसाठी मूनी-रिव्हलिन, म्हणजे रबरासारख्या पदार्थांचं समीकरण, घ्या. त्याचे दोन स्थिरांक मेगापास्कलमध्ये: ॲन्युलसच्या मूळ पदार्थाला ०.१८ आणि ०.०४५, न्यूक्लियसला ०.१२ आणि ०.०३. हे तुमच्या रुग्णाचे आकडे नव्हेत. झिजलेल्या गादीत ते बदलतात, म्हणून एमआरआयवरून गादीच्या झिजेची फिरमान श्रेणी, १ ते ५, लिहून ठेवा. एमआरआयच्या टी२ प्रकारच्या चित्रात गर पांढरा दिसतो की काळा, यावरून अंदाज येतोच.

एककांचं सांगते, कारण सॉफ्टवेअर यात मदत करत नाही. मिलिमीटर, न्यूटन, मेगापास्कल, एवढंच वापरा. हाडाचा आकडा एकदा मी गिगापास्कलमध्ये, म्हणजे १२, असा टाकला. मॉडेल निमूट सुटलं, वळणही पटण्यासारखं आलं. विकृती पन्नास पट मोठी करून पाहिली तेव्हा दिसलं की एल४ चं हाड रबरासारखं बाजूंनी फुगतंय. निकाल आला की पहिल्यांदा असं मोठं करून बघाच.

सांधे आणि अस्थिबंध

अस्थिबंध सात: पुढचा लांब, मागचा लांब, पिवळा, कंटकांमधला, कंटकांवरचा, आडव्या प्रवर्धांमधला आणि फॅसेटची पिशवी. त्यांना फक्त ताणात काम करणाऱ्या स्प्रिंग द्या. सुरुवातीला सैल, नंतर कडक होत जाणाऱ्या. फॅसेटला घर्षणाशिवाय कॉन्टॅक्ट, दोन्ही कूर्चांमध्ये अर्ध्या मिमीच्या आसपास फट.

सोडवायला 'फेबायो' घ्या, ते जीवयांत्रिकीसाठीच लिहिलेलं आणि फुकट आहे. भार एकदम टाकलात तर 'निगेटिव्ह जेकोबियन'ची, म्हणजे एखादा एलिमेंट उलटा झाल्याची, तक्रार येईल. भार दहा-वीस पायऱ्यांत विभागा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

भार कुठून द्यायचा

स्नायू काढून घेतलेला कंबरेचा कणा वरून सरळ दाबला तर १०० न्यूटनच्या आतच बाजूला कोलमडतो. जिवंत माणसाचा कणा त्याच्या कितीतरी पट वाहतो, कारण स्नायू त्याला त्याच्याच बाकाच्या रेषेत आवळून धरतात. १९९९ मध्ये पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यावरून 'फॉलोअर लोड' मांडला. जपमाळेचा दोरा ताणल्यावर मणी जसे एकमेकांवर बसतात, तसा मणक्यांच्या मध्यातून जाणारा दाब. एल४ आणि एल५ च्या दोन्ही बाजूंना एकेक सळई जोडून त्यांत मिळून ४०० ते ५०० न्यूटनचा ताण द्या. फक्त एवढाच भार असताना एल४ जवळपास वळता कामा नये. वळत असेल तर सळया थोड्या पुढे-मागे सरकवा.

त्यावर ७.५ न्यूटन-मीटरचा शुद्ध मोमेंट: पुढे, मागे, डावी-उजवी बाजू, आणि पिळ. प्रयोगशाळांतही हाच आकडा चालतो, म्हणून तुलना करता येते. एल५ चा तळ पक्का धरा.

निरोगी मॉडेल खरं वागतं का

ऑपरेशनला हात लावण्याआधी ही परीक्षा. आधी मेश बारीक करून पुन्हा सोडवा. वळण आणि दाब ५ टक्क्यांहून जास्त हलले तर अजून बारीक करा. मग मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. एल४-एल५ ला पुढे-मागे मिळून सुमारे १६ अंश, एका बाजूला झुकताना ६, आणि पिळात एका बाजूला २ अंश ही जुनी, सर्वमान्य सरासरी आहे. प्रेतांवरच्या प्रयोगांत ठरावीक मोमेंटला याहून कमी येतं आणि माणसामाणसांत मोठा फरक असतो. तुमचा आकडा त्या पट्ट्यात पडला म्हणजे झालं. २०१४ मध्ये द्रायशार्फ आणि सहकाऱ्यांनी आठ वेगवेगळ्या गटांची निरोगी मॉडेलं समोरासमोर ठेवली, तेव्हा आठांचा मध्यक सुट्या मॉडेलपेक्षा प्रयोगांच्या जवळ गेला. एकट्या मॉडेलच्या आकड्याला फार कवटाळू नये, ते मी त्यावरून शिकले.

दाबही तपासा. विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका निरोगी स्वयंसेवकाच्या याच गादीत दाबमापक ठेवून मोजलं: पडून असताना ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५, आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. फोंड्याच्या पंपावर गाडीत हवा भरताना आपण ३३ सांगतो. त्याच मापात उभ्या माणसाच्या गादीत ७२ असतात आणि वाकून उचलताना ३३० च्या वर. हे मामांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प बसले होते.

आता कापा

निरोगी मॉडेलच्या प्रती काढा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि एकेक गोष्ट वेगळी कापा. पहिल्या प्रतीत फक्त ॲन्युलसला मागे-बाजूला ५ ते ७ मिमीचं भोक. दुसऱ्यात भोक आणि त्याला जोडून गराची पोकळी, सर्जननी सांगितलेल्या ग्रॅमइतकी. तिसऱ्यात त्याशिवाय एल५ च्या उजव्या फॅसेटचं टोक ३ मिमी तासलेलं. सगळं एकदम कापलंत तर बदल कशामुळे झाला ते कळणारच नाही.

भोकाचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यावर ताण मेश बारीक करत जाल तसा वाढतच जातो, तो आकडा खरा नसतो. मला दाखवायला आणलेल्या अर्ध्या लाल चित्रांचं कारण हेच निघतं.

एक सुंदर चाचणी सांगते. एल४ डावीकडे पिळलं की त्याची मागची बाजू उजवीकडे जाते आणि उजवा फॅसेट एल५ च्या फॅसेटवर टेकतो. म्हणजे उजवा फॅसेट तासला असेल तर वळण वाढायला हवं ते डावीकडच्या पिळात, उजवीकडच्या पिळात फारसं नाही. तुमच्या मॉडेलमध्ये उलटं झालं तर निकालावर चर्चा करू नका, बाजू तपासा. माझी चूक मला याच चाचणीने दाखवली होती.

आकडे वाचताना

चार गोष्टी मांडा: वळण, फॅसेटवरचं बल, गरातला दाब, आणि ॲन्युलसच्या तंतूंचा ताण. फॉन मिझेसचा ताण तंतुमय पदार्थाला लावू नका, तंतूंची लांबी किती टक्के वाढली ते बघा. मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये मांडलेला 'न्यूट्रल झोन'ही काढा, म्हणजे अगदी थोड्या मोमेंटला मणका किती सैल हलतो ते. शेवटचं वळण तेवढंच राहून हा सैलपणा आधी वाढू शकतो.

नंतर ॲन्युलसचा कडकपणा २० टक्के कमी-जास्त करून सगळं पुन्हा सोडवा. आकडे बदलतीलच. निरोगी आणि कापलेल्या मॉडेलमधला फरक त्याच दिशेला राहिला तर निष्कर्ष लिहा, दिशा पालटली तर लिहू नका.

हे मॉडेल ऑपरेशनच्या दिवसाचं आहे, दोन वर्षांनंतरचं नव्हे. गादी पाणी सोडते आणि शोषते. त्यामुळेच सकाळी आपण रात्रीपेक्षा सुमारे एक टक्का उंच असतो. ऑपरेशननंतर महिनोन्महिने तिची उंची कमी होत जाते, आणि तिला रक्तपुरवठा जवळपास नसल्याने भोकही नीट भरून येत नाही. ते पकडायला सच्छिद्र पदार्थाचं मॉडेल लागतं. आणि मॉडेलवरून कुणालाही "वाकू नका" किंवा "वाका" असं सांगू नका. तो सल्ला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टनी द्यायचा.

मामांना मी तेवढंच सांगितलं जेवढं सगळ्या प्रतींमध्ये टिकलं: गर कमी झाला की आतला दाब उतरतो, ते वजन कडं आणि मागचे दोन सांधे उचलतात, आणि कड्याचे आतले थर बाहेर फुगण्याऐवजी थोडे आत झुकतात. ते म्हणाले, "आणि ट्रकच्या सीटवर बसलं तर?" त्याला हे स्थिर मॉडेल चालणार नाही. बसलेलं शरीर वर-खाली थरथरीत ४ ते ५ हर्ट्झला सर्वांत जास्त डोलतं, म्हणून घनता द्यावी लागेल, वरच्या धडाचं वस्तुमान लावावं लागेल आणि वेळेनुसार सोडवावं लागेल. घनता द्याल तेव्हा याच एककांत ती टन प्रति घन मिमी असते, एवढं विसरू नका. मी त्या फाइलला कालच सुरुवात केली.